बांड्या कुणाच्या बाजूचा?

सोमवार, ९ तारीख

आधी आली ती चष्मेवाली. दारावर अशी थाप मारली की मला वाटलं कुणाच्या घराला आग लागली. मी मटार सोलत बसले होते, ते सगळे मटार घरभर. मागोमाग दुसरी आली, धापा टाकत. तिचा आवाज म्हणजे काय सांगू तुला, शेजारच्या बाईंचं मांजर जिन्यावरून उडी टाकून जे पळालं ते अजून आलेलं नाही. तिचं नाव मी तोफ ठेवलंय. तिलाही आवडलं. दोघी असतील दहा-अकरा वर्षांच्या. चष्मेवाली म्हणाली, "कोल्ह्यांची पुस्तकं लिहिणाऱ्यांची आई इथेच राहते का?" मी म्हटलं, "राहते की. अजून तरी राहते. काय काम काढलंत?" तर म्हणे, "तक्रार आहे."

बघ, या गडबडीत आशीर्वाद राहिलेच. तर अनेक आशीर्वाद. दोन इयत्ता शिकलेल्या बाईचं पत्र आहे, काना-मात्रा तू सांभाळून घे. फोनच करणार होते, पण फोनवर तू नुसता "हं, हं" करतोस आणि "कुणीतरी आलंय" म्हणून ठेवून देतोस. पत्रात तुला माझं बोलणं मध्येच तोडता येत नाही.

तर तक्रार. वाचनालयातल्या बाईंनी त्यांना सांगितलं म्हणे, लेखक लांब राहतात पण त्यांची आई याच गल्लीत आहे. झालं, निघाल्या दोघी. मी त्यांना आधी खाली सांडलेले मटार वेचायला लावले. फुकट तक्रार ऐकून घ्यायला मी काय कचेरी आहे? वेचता वेचता तोफ म्हणाली, "आजी, तुमचा मुलगा बांड्याला असा का वागवतो?"

मी म्हटलं, "कसा?"

मग तिने जी सरबत्ती सुरू केली! तुझं पुस्तक तुलाच काय सांगायचं, पण तिच्या तोंडून ऐकायला मजा आली म्हणून लिहिते. लांडगे झऱ्याचं पाणी आधी पिणार, कोल्ह्यांना उरलंसुरलं, आणि गाळ मात्र कोल्ह्यांनीच उपसायचा. मग कोल्हे ठरवतात, आता उपसायचं नाही. बुजू दे झरा, मग येतील लांडगे वाटेवर. सगळे टेकडीवर जाऊन बसतात, बांड्याचा थोरला भाऊ सगळ्यांच्या पुढे. "आणि बांड्या काय करतो?" तोफ उभीच राहिली, मूठभर मटार हातात. "बांड्या खाली जातो! त्या म्हाताऱ्या लांडग्याबरोबर गाळ उपसत बसतो! का, तर म्हणे लहानपणी पुरात त्याची शेपूट तुटली तेव्हा म्हाताऱ्याने वाचवलं होतं. म्हणून काय झालं?"

चष्मेवाली शांत आहे, पण तिचं बोलणं जास्त लागतं. ती म्हणाली, "चार पुस्तकं झाली, आजी. दर पुस्तकात त्याच्यावर निवडायची वेळ येते, आणि दर वेळी तो चुकीचंच निवडतो. आम्ही पुस्तकावर ओरडतो. माझ्या आईला वाटतं आम्ही भांडतोय."

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. या घरात कुणी येऊन असं मोठ्याने बोललं त्याला किती दिवस झाले. तुझी वहिनी लाँड्रीतून आली ती दारातच थबकली, म्हणाली, "जत्रा भरलीय का?" पण रागावली नाही. इस्त्री करून करून तिचा हात आता खांद्यापासून दुखतो, म्हणून बोलणं जरा तिखट होतं. मनाला लावून घ्यायचं नाही. तू घेतोस.

दादा बरा आहे. त्याचा पलंग आता पुढच्या खोलीत घेतलाय, वाऱ्यासाठी. तो सगळं ऐकत होता. जाताना तोफेने त्याला विचारलं, "काका, तुमच्या नाकात ती नळी कशाला आहे?" तर तो म्हणाला, "मी हत्ती होणार होतो, अर्ध्यावर राहिलं." पोरी हसत हसत जिना उतरल्या.

हे मी काही लिहिलेलं नाही. पोरीने विचारलं ते फक्त लिहिलं. दादाने मला शपथ घातलीय, त्याच्या तब्येतीचं तुला एक अक्षर कळवायचं नाही.

ये ना एकदा. तुला बघावंसं वाटतं, म्हाताऱ्या बाईला आणखी काय कारण लागतं?

पोरी रविवारी परत येतो म्हणाल्यात.

तुझी आई


सोमवार, १६ तारीख

आल्या. शब्दाच्या पक्क्या आहेत. या वेळी चौथं पुस्तक घेऊन आल्या, जिथे जिथे राग आला तिथे तिथे कागदाच्या चिठ्ठ्या घातलेल्या. पुस्तक साळिंदरासारखं दिसत होतं.

तुझी चिठ्ठी नाही आली. टपालवाल्याचा गुडघा सुजलाय, त्यामुळे उशीर होत असेल. त्याच्या जागी एक नवीन बाई येते, ती पत्रं खालच्या पेटीत न टाकता पायरीवर ठेवते आणि वर वीट. वीट कुठून आणते कुणास ठाऊक, रोज वेगळी असते.

आता नीट वाच. रविवारी काय झालं ते मी जसंच्या तसं लिहिणार आहे. मधे मला सारखं थांबावं लागलं, म्हणून पत्राला आजचा दिवस उजाडला.

पोरी माझ्याकडे आल्या होत्या, पण बसल्या दादाच्या पलंगाशी. त्याने स्वतःच बोलावलं, "इकडे आणा ते पुस्तक." तुला हे माहीत नाही, आणि हेही मी सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण आता मोजून किती गोष्टी लपवू? तुझी चारही पुस्तकं मला त्यानेच वाचून दाखवलीत. माझे डोळे आता बारीक अक्षराला नकार देतात. तो प्रत्येक प्राण्याचा आवाज वेगळा काढायचा. म्हाताऱ्या लांडग्याचा आवाज तर असा काढायचा की मी पदर सावरून बसायचे. तुझ्या वडिलांचाच आवाज तो. तू लिहितानाही तोच ऐकत असशील.

तर तोफ म्हणाली, "काका, तुम्ही कुणाच्या बाजूचे? लांडग्यांच्या का कोल्ह्यांच्या?"

दादा म्हणाला, "मी टेकडीवरचा."

"मग तुम्हाला बांड्याचा राग नाही येत?"

"आला होता की. लई दिवस होता."

चष्मेवालीने एक चिठ्ठी काढली. "आम्हाला बांड्यापेक्षा थोरल्याचाच राग येतो. हे बघा. बांड्या खाली निघालाय, वाटेत थोरला उभा आहे. आणि थोरला काय करतो? बाजूला होतो! एक शब्द बोलत नाही!"

"चावायचं ना!" तोफ ओरडली. "तंगडीला धरून ओढायचं मागे!"

दादा हसला. हसला की त्याला खोकला येतो. मी पाणी घेऊन गेले तर हातानेच थांब म्हणाला. खोकला बसल्यावर म्हणाला, "अगं पोरी, म्हातारा खाली एकटा होता."

"लांडगा होता तो!"

"असेना का. म्हातारा होता आणि एकटा होता. थोरल्याला काय ते दिसत नव्हतं? पण तो टेकडीवर सगळ्यांच्या पुढे बसलेला, त्याला उठता येईना. मग धाकटा उठला. थोरला खाली गेला असता तर हाच धाकटा टेकडीवर बसला असता. एका घरातली दोन पोरं, एकाने इकडे राहायचं, एकाने तिकडे जायचं, दुसरं काय करणार? म्हणून तो बाजूला झाला."

चष्मेवालीने पानं उलटून पाहिली. "काका, हे कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं," दादा म्हणाला. "लिहिणाऱ्याला माहीत नसेल."

मी मोरीत पातेलं घासत होते. ते हातात तसंच राहिलं.

अरे, मी अडाणी आहे, पण झरा म्हणजे कुठली भट्टी एवढं कळतं मला. काचेची भट्टी थंड पडली की आतली काच थिजते आणि भट्टी तडकते, मग ती कुणाच्याच कामाची राहत नाही, हे तुझ्या वडिलांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन. ते भट्टीचे मिस्त्री. संप झाला तेव्हा सगळे बाहेर आले, हे एकटे आत राहिले. म्हणाले, मी मालकासाठी नाही, भट्टीसाठी राहतोय. दादा फाटकाबाहेर झेंडा धरून. आणि तू वडिलांचा डबा घेऊन गेलास तो आतच राहिलास, त्यांच्याबरोबर भट्टीत कोळसा ओढायला. फाटकातून तू आत जाताना दादा समोर उभा होता, तो बाजूला झाला, हे मला तेव्हाच दहा जणींनी येऊन सांगितलं होतं. तो का बाजूला झाला ते मला काल कळलं. इतकी वर्षं एका छपराखाली राहून.

पुढचं तुला पाठ आहे. तुम्ही दोघांनी भट्टी जिवंत ठेवलीत आणि मालकाने त्याच भट्टीवर बाहेरची माणसं आणून काम सुरू केलं. संप मोडला. बाकीचे हळूहळू परत गेले, दादाला घेतलं नाही. तो खडीच्या मशीनवर गेला. तिथली धूळ. असो, शपथ आहे.

वडील गेले, कारखाना गेला. त्या जागेवर आता गाड्या उभ्या करतात. मी भाजीला त्याच वाटेने जाते, कधी कधी थांबते, तिथला रखवालदार विचारतो, "आजी, तुमची गाडी कुठली?" मी म्हणते, "ती लाल." तो बिचारा शोधत बसतो.

बाळा, तू दर पुस्तकात त्या बांड्याला त्याच वाटेवर नेतोस आणि त्याच वाटेने खाली धाडतोस. मला आधी वाटायचं तुला दुसरं काही सुचत नाही. आता वाटतं तू वाट बघतोयस, या वेळी तरी थोरला चावेल म्हणून. तो नाही चावणार. त्याचा स्वभाव नाही तो. तू ये आणि स्वतः विचार त्याला.

तुझी आई


गुरुवार, २६ तारीख

पाकीट मिळालं. विटेखालून काढलं. जाडजूड पाकीट बघून मला वाटलं चार पानी पत्र असेल, आणि निघालं काय तर छापायच्या आधीची नव्या पुस्तकाची शेवटची पानं. वर एक ओळ, "आई, पोरींना शेवट आधी वाचायला देतोय." ना "दादा कसा आहे", ना "येतो". बरं.

पोरींना निरोप धाडला, तशा शाळेतून दप्तरासकट आल्या. वाचलं चष्मेवालीने, दादाला आता एवढं सलग वाचवत नाही. फार छान वाचते, स्वल्पविरामाला थांबते, पूर्णविरामाला चष्मा वर करते.

आम्ही सगळे कान देऊन. तुझी वहिनी म्हणाली, "मला नाही ऐकायचं, मला चादरी घड्या करायच्यात," आणि एकच चादर घेऊन दारात उभी राहिली ती शेवटपर्यंत.

डोंगर कोसळतो, झऱ्याचं तोंड बंद होतं, थोरल्याची पिल्लं तहानेने मरायला टेकतात, आणि बांड्या एकटा जाऊन तो धोंडा पाठीवर उचलून धरतो. पाणी वाहायला लागतं. पिल्लं पितात. आणि बांड्या धोंड्याखाली मरतो. थोरला टेकडीवरून धावत येतो तोवर सगळं झालेलं. मग थोरला रडतो. संपलं.

तोफ रडली. तिचं रडणंही तोफेसारखंच, खालच्या मजल्यावरचे वर बघायला आले. चष्मेवाली नाही रडली. तिने पानं नीट जुळवली आणि म्हणाली, "हे बरोबर नाही."

आधी बोलली ती तुझी वहिनी. चादर हातात धरून. "म्हणजे मरण्यापुरता येतो होय हा! जगायला यायला काय होतं मेल्याला?"

मी म्हटलं, "अगं, गोष्ट आहे ती."

"माहीत आहे मला कसली गोष्ट आहे," ती म्हणाली, आणि आत गेली. आत जाऊन भांडी आपटली. मग स्वतःच बाहेर येऊन पोरींना लिंबाचं सरबत दिलं. अशी आहे बघ ती.

दादा बराच वेळ छताकडे बघत होता. मला वाटलं दमला. मग म्हणाला, "थोरल्याला पुन्हा एकट्यालाच टाकून गेला की हा."

तोफ म्हणाली, "पण काका, त्याने पिल्लांना वाचवलं!"

"वाचवलं ना. मोठा झाला. आता सगळे त्याचे गुण गातील. आणि थोरल्याने काय करायचं? त्या धोंड्याजवळ बसायचं?" एवढं बोलायला त्याला चार वेळा थांबावं लागलं. "सोपं केलंय त्याने स्वतःला. मेला की कुणाला तोंड दाखवायला नको."

त्याला वाईट वाटलं, बाळा. रागावलेला नव्हता. मी त्याची आई आहे, राग कसा दिसतो ते मला कळतं.

आता ऐक. मी शपथ मोडते. मोडली. देव काय करायचं ते माझं करो, माझं तरी आता काय राहिलंय. दादाची फुफ्फुसं दगडाच्या धुळीने भरलीत. डॉक्टरीण बाई चांगली आहे, तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजी, ज्यांना भेटायचंय त्यांना बोलावून घ्या." मशीन लावलंय घरी, दिवसभर घर्र करतं, आता त्याचीही सवय झालीय, बंद पडलं की मीच दचकते. तुला कळवू नको म्हणाला कारण तू दया म्हणून येशील आणि ते त्याला नकोय. मी म्हणते दया म्हणून ये, राग म्हणून ये, पुस्तकाची जाहिरात करायला ये, पण ये. तुझी वहिनी बोलेल. बोलू दे. तिने इतकी वर्षं त्याच्या धुळीचे कपडे धुतलेत, तिला हक्क आहे.

इकडे एकाच्या उशाशी बसून दुसऱ्याला चोरून पत्र लिहिते मी. मला विचार कुणाच्या बाजूची ते.

तुझी आई


बुधवार, २ तारीख

आलास! मी अजून त्याच आनंदात आहे. सकाळी दूध उतू गेलं, चष्मा फडताळात ठेवला आणि साखरेचा डबा उशाशी. शेजारच्या बाईंना सांगून आले, खालच्या मजल्यावर सांगून आले, त्या वीटवाल्या टपालबाईलाही सांगितलं. ती म्हणाली, "मग आता पत्रं कशाला लिहिता?" मी म्हटलं, "सवय."

किती वाळलास रे. आणि केस? तुझ्या वडिलांचे सुद्धा एवढ्या लवकर पांढरे झाले नव्हते. जिन्यात तुझी पावलं ऐकली तेव्हाच ओळखलं मी, तू अजून शेवटच्या पायरीला अडखळतोस.

तुझ्या लक्षात आलं नसेल म्हणून लिहिते. वहिनीने तुला चहा दिला तो निळ्या फुलांच्या कपातून. तो कप ती कुणाला देत नाही. डॉक्टरीण बाईलासुद्धा नाही. बोलली नाही तुझ्याशी, पण कप बघ.

दादा झोपला होता त्याला काय करणार. मी म्हटलं, "उठवू का?" आणि तू म्हणालास, "नको आई, झोपू दे." मग मीही नाही उठवलं. आपल्या घराची रीतच ती. रात्रपाळी करून आलेला माणूस झोपला की त्याला उठवायचं नाही, मग दारात कुणी का येईना. तुम्ही लहान असताना बाबा झोपले की दोघं भांडणसुद्धा खुणांनी करायचात. बाबा गेले, पाळ्या गेल्या, रीत तेवढी अंगात राहिली.

तू उशाशी बसलास. त्याच्या हातावर हात ठेवलास, चादरीवरूनच. मी दारातून बघत होते, मग आत गेले, म्हटलं दोघा भावांत आपण कशाला. चहा गार झाला तरी मी हाक मारली नाही. शेवटच्या गाडीची वेळ झाली तसा उठलास आणि म्हणालास, "रविवारी येतो. जरा लवकर येतो, म्हणजे जागा असेल." मी म्हटलं, "ये. पोरीही रविवारीच येतात, सगळे भेटतील."

मी फार आनंदात आहे.

तुझी आई


मंगळवार, १५ तारीख

त्या दिवशी इतकी माणसं होती की तुझ्याशी बोलताच आलं नाही. संपातले म्हातारे कुठून कुठून आले होते, एकाला तर दोघांनी धरून आणलं. तू पुढे खांदा दिलास ते सगळ्यांनी बघितलं. ते बाजूला झाले, तुला जागा दिली. कुणी काही बोललं नाही. तूही नाही. संध्याकाळी वहिनीच्या पायांशी जरा बसलास आणि गेलास.

मला सांगायचं होतं ते गर्दीत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहिते.

तू भेटून गेलास ना, तुझ्यामागे दार लोटलं, खालचं फाटक वाजलं, आणि दादा म्हणाला, "गेला?"

मी वळून बघते तर डोळे टक्क उघडे.

मी म्हटलं, "तू जागा होतास?"

"होतो की."

"कधीपासून?"

"जिन्यात अडखळला तेव्हापासून."

मला असा राग आला! मी म्हटलं, "अरे मग डोळे उघडायचे ना बाबा! एवढा लांबून आला तो! मी काय म्हणून बोलावलं होतं त्याला?"

तो म्हणाला, "उघडले असते तर त्याने हात काढून घेतला असता."

मी पलंगाच्या कडेला बसले. तो म्हणाला, "किती गरम हात आहे गं त्याचा अजून. भट्टीवरून आल्यासारखा." मग म्हणाला, "त्याला लिहू नको हे. रविवारी येईल तेव्हा मीच सांगेन. त्याचं तोंड बघायचंय मला." आणि हसला. खोकला आला नाही त्या वेळी. मी आपली दुसऱ्या दिवशी तुला पत्र लिहिलं, आनंदाचं, आणि त्यात हे लिहिलं नाही. त्याचं त्याला सांगायचं होतं.

शुक्रवारी सकाळी वहिनी त्याचं तोंड पुसत होती. पुसून झालं आणि ती तशीच ओला रुमाल धरून बसली. मी विचारलं, "झोपला का?" ती म्हणाली, "हो." मग म्हणाली, "आता उठवा की हो कुणीतरी."

बाळा, मी खूप विचार केला, सांगू की नको. तुला वाटेल, तो जागा होता आणि मी बोललो नाही. तसं वाटून घेऊ नकोस. तू आलास हे त्याला कळलं. तू किती वेळ बसलास तेही कळलं. हे न कळता गेला असता तर मी काय केलं असतं?

आणखी एक निरोप आहे, तो पुस्तकाचा. गुरुवारी दुपारी चांगला बोलत होता. म्हणाला, "त्याला सांग, बांड्याला मारू नको. येऊ दे परत. टेकडीवर थोरला पडलेला असू दे डोळे मिटून. बांड्याने काही बोलायचं नाही, काही उचलायचं नाही, नुसतं शेजारी येऊन बसायचं. आणि वाचणाऱ्याला कळू दे की थोरला जागा आहे."

मी विचारलं, "आणि बांड्याला?"

त्याने विचार केला. म्हणाला, "बांड्याला नाही कळलं तरी चालेल. त्याची आई सांगेल नंतर."

तर सांगितलं मी. तुला पटलं तर तसं लिही, नाही पटलं तर तू लेखक आहेस. मी काय, दोन इयत्ता.

मशीन परत नेलं त्या लोकांनी. घर एवढं शांत झालंय की मला शेजारच्या मांजराचं चालणं ऐकू येतं. ते परत आलंय, आणि गाभण आहे. इतके दिवस कुठे होतं ते आता कळलं. शेजारच्या बाई कपाळाला हात लावून बसल्यात. वहिनी कालपासून लाँड्रीत जायला लागली. मी म्हटलं जरा थांब, तर म्हणाली, "घरात बसून काय भिंती इस्त्री करू?" तुझा पत्ता विचारून घेतलाय तिने माझ्याकडून. कशाला ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

परवा पोरी आल्या होत्या. त्यांना कुणीतरी शाळेत सांगितलेलं. दारावर थाप नाही, बेल नाही, दोघी उंबऱ्यात उभ्या. तोफ अगदी हळू बोलली. इतकी हळू की मला "काय?" म्हणून विचारावं लागलं. ती म्हणत होती, "आजी, आम्ही बसू का थोडा वेळ?" बसल्या. पलंग काढलाय तिथे जमिनीवरच बसल्या. मी मटार दिले सोलायला. सोलता सोलता चष्मेवालीने विचारलं, "बांड्या मरणार हे छापलं का?" मी म्हटलं, "अजून नाही छापलं, काकांचा एक निरोप जायचाय." तिने विचारलं, काय निरोप? मी म्हटलं, आधी ज्याचा त्याला. मग ती म्हणाली, "आजी, त्यांना सांगा, आम्ही थांबू. उशीर झाला तरी चालेल."

जाताना तोफ म्हणाली शनिवारी येतो. चष्मेवाली म्हणाली शनिवारी नको, शनिवारी आई मला दाताच्या डॉक्टरकडे नेणार आहे. मग जिन्यातच दोघींचं भांडण झालं, आणि तोफेचा आवाज जरा सुटला, बरं वाटलं ऐकून. शेवटी रविवार ठरला.

तुझी आई